‘स्पर्धेत गाडी उतरवली होती’ हा दावा कसा तपासायचा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ट्रेनी इंजिनिअरची जागा निघाली की येणाऱ्या बायोडेटांत एक ओळ हमखास असते. ‘नॅशनल लेव्हल बाहा पार्टिसिपंट’, ‘फॉर्म्युला स्टुडंट टीम मेंबर’, ‘एआयआर 7’ (देशात सातवा क्रमांक) अशी काहीतरी. बाहा आणि फॉर्म्युला स्टुडंट या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरवायच्या स्पर्धा: बाहात खडबडीत रस्त्यावरची बग्गी, फॉर्म्युलात छोटी रेसकार. ही ओळ खरी असेल तर पोरगा किंवा पोरगी घेण्यासारखी असते, कारण त्यांनी पाइप कापलेले असतात, वेल्ड तुटलेला पाहिलेला असतो आणि तपासणीच्या रांगेत रात्र काढलेली असते. ओळ खोटी असेल तर पहिल्या महिन्यातच कळतं, पण तोवर दुसरा चांगला उमेदवार पुण्याला निघून गेलेला असतो.

हा दावा फक्त नोकरीसाठी होत नाही. कॉलेजच्या प्रवेशाच्या फलकावर होतो, स्पॉन्सरशिप मागणाऱ्या पत्रात होतो, आणि मायलेज वाढवणारं किट विकणाऱ्याच्या पत्रकावर तर ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निवड’ अशा ठळक अक्षरांत होतो. प्रत्येकाची तपासणी थोडी वेगळी आहे, पण सुरुवात सगळीकडे एकाच प्रश्नाने करायची.

आधी पायरी विचारा

अशा दाव्यांत निव्वळ हवेतून काढलेले कमी असतात. बहुतेक जण एखादी पायरी चढलेले असतात आणि सांगताना दोन-तीन पायऱ्या वरच्या सांगतात. म्हणून ‘भाग घेतला होता का?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’ म्हणणं फार सोपं आहे आणि ते अर्धवट खरंही असतं. ‘गाडी कुठपर्यंत गेली?’ असं विचारा.

विद्यार्थ्यांच्या वाहन स्पर्धांत पायऱ्या साधारण अशा असतात. सर्वांत खाली नावनोंदणी: फी भरली, टीमचं नाव यादीत आलं. त्यावर प्राथमिक फेरी. बाहा एसएई इंडियात ही ‘व्हर्च्युअल’ फेरी असते आणि तिथे गाडी नसते, डिझाइनचं सादरीकरण असतं. फॉर्म्युला भारत या फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धेत जागा मिळवण्यासाठी नोंदणीच्या वेळी प्रश्नमंजुषा द्यावी लागते. त्यानंतर प्रत्यक्ष मैदानावर गाडी पोहोचणं. मग तांत्रिक तपासणी, जिला पोरं ‘टीआय’ (टेक्निकल इन्स्पेक्शन) किंवा नुसतं ‘टेक’ म्हणतात. ती पार झाली की गाडीवर स्टिकर लागतो, पुढे ब्रेक टेस्ट होते, आणि तेव्हा कुठे गाडी धावण्याच्या फेऱ्यांना उतरते. शेवटी एंड्युरन्स, म्हणजे गाडी टिकते का हे पाहणारी लांब फेरी. बाहात ती चार तासांची असते, फॉर्म्युला स्टुडंटच्या पद्धतीत 22 किलोमीटरची.

यातली मोठी गळती टीआयमध्ये होते. गाडी टेम्पोत घालून मैदानावर नेलेली असते, फोटो काढलेले असतात, पण रोलकेजमध्ये (चालकाभोवतीच्या पाइपच्या सांगाड्यात) खोट निघते किंवा ब्रेक टेस्टला चारही चाकं एकदम लॉक होत नाहीत, आणि गाडी पिटमधून (टीमच्या दुरुस्तीच्या जागेतून) बाहेरच पडत नाही. अशा टीमलाही बऱ्याच ठिकाणी सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र खरं असतं. ‘आमची गाडी ट्रॅकवर धावली’ हे त्यावरून सिद्ध होत नाही, एवढंच.

पायऱ्यांमधलं हे अंतर मोठमोठ्या स्पर्धांतही तेवढंच आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेने 2004 साली चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची स्पर्धा मोहावीच्या वाळवंटात घेतली, तेव्हा अर्ज 106 आले आणि अंतिम फेरीसाठी 15 निवडले गेले. शेवटपर्यंत एकही गाडी पोहोचली नाही. सर्वांत लांब गेलेली गाडी 7.32 मैलांवर, म्हणजे पावणेबारा किलोमीटरवर अडकली. 2005 साली 195 अर्ज आले, 23 गाड्या अंतिम फेरीत गेल्या आणि 5 गाड्यांनी मार्ग पूर्ण केला. ‘आम्ही डार्पा चॅलेंजमध्ये होतो’ हे वाक्य त्या 195 पैकी कुणीही बोलू शकतो. म्हणूनच त्या वाक्याला किंमत नाही. किंमत आहे ती त्या 23 च्या किंवा 5 च्या यादीत नाव असण्याला.

दावेदाराच्या कागदाऐवजी आयोजकाच्या यादीपासून सुरुवात करा

उमेदवाराने दिलेल्या पीडीएफवर, त्यातल्या लिंकवर किंवा क्यूआर कोडवर तपासणी सुरू करू नका. बनावट प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड बनवणाऱ्याच्याच पानावर जातो. स्पर्धेचं नाव स्वतः टाइप करून आयोजकांचं संकेतस्थळ शोधा आणि तिथून त्या वर्षाच्या निकालाकडे जा. संकेतस्थळ दरवर्षी बदलतं आणि जुनी पानं काढून टाकली जातात. अशा वेळी वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) तेच संकेतस्थळ टाकून स्पर्धेनंतरच्या एक-दोन महिन्यांतली नोंद उघडा. निकालाची पीडीएफ तिथे बऱ्याचदा सापडते.

यादीत पाच गोष्टी जुळवायच्या: वर्ष, टीमचं नाव, कॉलेजचं नाव, गाडीचा क्रमांक आणि गट. गट फार जण विसरतात. बाहात पेट्रोल इंजिनच्या गाड्यांची आणि विजेच्या गाड्यांची क्रमवारी वेगळी असते, फॉर्म्युलातही तसंच. निकालाच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘डीएनएस’ दिसलं तर गाडी त्या फेरीला सुटलीच नाही. ‘डीएनएफ’ असेल तर सुटली पण पूर्ण केली नाही. ‘डीक्यू’ म्हणजे बाद. डीएनएफ ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, उलट डीएनएफ का झालं हे नीट सांगणारा उमेदवार बरेचदा सर्वांत चांगला निघतो.

मराठवाड्यातल्या कॉलेजांबाबत शोधताना दोन अडचणी येतात. पहिली नावाची. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं 2023 साली अधिकृत झाली, त्यामुळे त्याआधीच्या निकालांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद असंच शोधावं लागतं. त्यात औरंगाबाद बिहारमध्येही आहे, तेव्हा नुसतं शहराचं नाव पाहून टीम आपलीच आहे असं समजू नका. राज्याचा रकाना बघा. दुसरी अडचण अशी की काही कॉलेजं मधल्या काळात स्वायत्त झाली किंवा विद्यापीठात विलीन झाली, त्यामुळे त्यांची छापील नावं बदलली. नाव सापडलं नाही म्हणून लगेच खोटं ठरवण्याआधी जुन्या नावानेही शोधा.

‘एआयआर’ म्हणजे ऑल इंडिया रँक, आणि हा आकडा फार लवचीक असतो. ‘एआयआर 3’ हा एकूण निकालातला असू शकतो, एखाद्या फेरीतला असू शकतो, किंवा नुसत्या कॉस्ट रिपोर्टचाही (गाडीच्या खर्चाच्या अहवालाचाही) असू शकतो. एकूण किती टीम होत्या, हा क्रम कुठल्या फेरीतला आणि यादीत पुढच्या-मागच्या कोण होत्या, हे तिन्ही विचारा. खासगी संस्थांच्या गो-कार्ट स्पर्धांत तर बक्षिसांचे इतके प्रकार असतात की आलेल्या बहुतेक टीमच्या हाती काहीतरी करंडक लागतो. करंडक खोटा नसतो, पण नऊ टीममधला तिसरा क्रमांक आणि दीडशे टीममधला तिसरा क्रमांक यांत फरक आहे.

यादी सापडली नाही तर आयोजकांना मेल करा. उमेदवाराची लेखी संमती आधी घ्या, कारण वैयक्तिक माहिती विचारायची आहे. मेल छोटा ठेवा आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न ठेवा: अमुक वर्षी अमुक कॉलेजची अमुक नावाची टीम नोंदणीकृत होती का, टीम प्रत्यक्ष स्पर्धेला हजर होती का, गाडीने तांत्रिक तपासणी पार केली का, आणि सोबत जोडलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक तुमच्या नोंदीत आहे का. ‘या मुलाबद्दल माहिती द्या’ असा मेल गेला तर उत्तर येत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात मेल पाठवला तरीही येत नाही.

आयोजकाकडे टीमची नोंद असते, पण टीममधल्या प्रत्येकाचं काम त्याला ठाऊक नसतं. ते कॉलेजच्या फॅकल्टी अॅडव्हायझरला, म्हणजे टीमच्या मार्गदर्शक प्राध्यापकाला विचारावं लागतं. फोन नंबर उमेदवाराकडून घेऊ नका. कॉलेजच्या कार्यालयात लावा आणि मेकॅनिकल विभागाकडे जोडून मागा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

बनावट प्रमाणपत्र अक्षरांपेक्षा काळाच्या चुकीमुळे जास्त पकडलं जातं. 2019 च्या प्रमाणपत्रावर कॉलेजच्या पत्त्यात छत्रपती संभाजीनगर छापलेलं असेल तर थांबा. 2021 च्या प्रमाणपत्रावर ‘एंड्युरन्स पूर्ण’ असं असेल तरी थांबा. करोनाच्या त्या हंगामात अनेक स्पर्धांच्या फक्त ऑनलाइन, कागदावरच्या फेऱ्या झाल्या, म्हणून त्या वर्षी ती स्पर्धा मैदानावर झाली होती का ते आधी पाहा. प्रायोजकांचे लोगो दरवर्षी बदलतात. त्याच वर्षाचं दुसऱ्या टीमचं प्रमाणपत्र लिंक्डइनवर सहज मिळतं, ते शेजारी ठेवून लोगोंची रांग जुळवा.

ठिकाणही तपासा. बाहा म्हटलं की मध्य प्रदेशातल्या पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र डोळ्यांसमोर येतं, पण सगळ्या वर्षांच्या सगळ्या गटांच्या फेऱ्या तिथेच झालेल्या नाहीत. फॉर्म्युला पद्धतीच्याच सुप्रा एसएई इंडिया या स्पर्धेची सुरुवात चेन्नईजवळच्या ट्रॅकवर झाली आणि नंतर ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गेली. फॉर्म्युला भारत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. कमीत कमी इंधनात गाडी चालवण्याच्या शेल इको-मॅरेथॉन या स्पर्धेची भारतातली फेरी 2018 मध्ये चेन्नईत आणि 2019 मध्ये बेंगळुरूत झाली. त्याआधी आशियाची फेरी 2014 ते 2016 मनिलात आणि 2017 ला सिंगापुरात होती. म्हणजे ‘2016 ची शेल इको-मॅरेथॉन, चेन्नई’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच थांबता येतं. आणि त्या वर्षी खरोखर मनिलाला गेला असेल तर पासपोर्टवर शिक्का असतो.

कागदांत सर्वांत बोलके असतात ते कुणी मुद्दाम जपत नाही असे कागद. गाडी नेली असेल तर टेम्पोची बिल्टी असते. संभाजीनगरहून पीथमपूरला जाणारी गाडी धुळे, सेंधवा या रस्त्याने जाते, तेव्हा फास्टॅगच्या नोंदी असतात. कोइमतूर तर हजार किलोमीटरच्या पुढे आहे, तिथलं भाडं टीमच्या हिशोबात ठसठशीत दिसतं. इंजिन किंवा मोटरचं बिल कॉलेजच्या नावावर असतं. विभागाने दिलेलं ऑन-ड्यूटी हजेरीचं पत्र असतं आणि त्यात मुलांची नावं असतात. प्रमाणपत्र रंगीत प्रिंटरवर अर्ध्या तासात तयार होतं. बिल्टी, बिल आणि हजेरी यांच्या तारखा एकमेकांशी जुळवत तिन्ही बनवणं फार कमी लोकांना सुचतं.

समोरासमोर विचारायचे प्रश्न

कागद जुळले तरी माणूस त्या गाडीवर होता की फक्त टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता, हे विचारूनच कळतं. एका टीममध्ये वीस-पंचवीस नावं असतात. त्यातली सात-आठ जणं खरी राबतात, हे सगळ्याच कॉलेजांत उघड गुपित आहे. पुढचे प्रश्न दहा-पंधरा मिनिटांत होतात.

बाहाच्या पेट्रोल गटातल्या उमेदवाराला सहज विचारा: ‘इंजिनात काय काय बदल केले?’ खऱ्या माणसाचं उत्तर ‘काही नाही, करताच येत नाहीत’ असं येतं. इंजिन आयोजकांनी ठरवून दिलेलं असतं, अनेक वर्षं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसीचं, 10 अश्वशक्तीचं होतं, आणि त्याला हात लावायची मुभा नसते. सगळी चुरस वजन, गिअरिंग आणि सस्पेन्शनमध्ये असते. ‘बोअर वाढवलं, कार्ब्युरेटर बदलला’ असं कुणी अभिमानाने सांगू लागला तर त्याने नियमपुस्तिका पाहिलेली नाही.

पुढचा प्रश्न रोलकेजचा. कुठला पाइप, किती व्यासाचा, किती जाडीचा? कार्बनचं प्रमाण किमान 0.18 टक्के लागतं, आणि नेहमीचं माप 25.4 मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि 3 मिलिमीटर भिंत. पातळ भिंतीचा 4130 क्रोमोली (मिश्र पोलादाचा पाइप) वापरला असेल तर तो किती महाग पडला, कुठून मागवला आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे, हे तो न विचारता सांगतो, कारण त्या पाइपने टीमचं बजेट खाल्लेलं असतं. ‘पाइप जालन्याच्या मिलमधून घेतला’ असं कुणी म्हणालं तर हसू आवरा. जालन्याच्या मिलची ओळख बांधकामाच्या सळईची आहे.

फॉर्म्युला पद्धतीच्या पेट्रोल गाडीसाठी रिस्ट्रिक्टर विचारा. इंजिन 710 सीसीपर्यंत चालतं, पण सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका भोकातून जावी लागते. हे भोक कुठे बसतं? टर्बो नसलेल्या गाडीत थ्रॉटल आणि इंजिन यांच्या मधे. ज्याने इनटेक बनवला तो हे झोपेतही सांगेल. त्याला पुढे एवढंच विचारा की तुमचा रिस्ट्रिक्टर थ्रीडी प्रिंट केलेला होता की अॅल्युमिनियमचा, आणि गळती कशी तपासली. विजेच्या गाडीसाठी पावसाची चाचणी विचारा: गाडीवर पाणी मारतात तेव्हा इन्सुलेशन मॉनिटरने (विजेची गळती पकडणाऱ्या यंत्राने) सिस्टिम बंद पाडली का, आणि पाडली तर पाणी कुठून शिरलं होतं. विजेची गाडी खरोखर उतरवलेल्या टीमकडे या प्रश्नाला कनेक्टरच्या नावासकट उत्तर असतं.

सगळ्या फॉर्म्युला टीमला लागू पडणारा आणखी एक प्रश्न आहे: ‘एंड्युरन्समध्ये गाडी कुठे बंद पडली?’ 22 किलोमीटरच्या मध्यावर चालक बदलतो. त्या वेळी इंजिन बंद करावं लागतं आणि तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करावं लागतं. तिथे गाड्या मरतात. इंधन लाइनमध्येच उकळतं, बॅटरी बसते, स्टार्टर रिले अडकतो. ट्रॅकवर असलेला माणूस ही मिनिटं विसरत नाही. तिथे नसलेला माणूस ‘थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आला’ म्हणून पुढे सरकतो.

शेल इको-मॅरेथॉनसाठी वजनाचा प्रश्न पुरतो. प्रोटोटाइप गटात गाडी 140 किलोच्या आत आणि चालक किमान 50 किलोचा, अर्बन कॉन्सेप्टमध्ये गाडी 225 किलोच्या आत आणि चालक किमान 70 किलोचा. चालक कमी भरला तर वजन भरून काढावं लागतं, म्हणून चालक कोण होता आणि त्याचं वजन किती भरलं हे टीममधल्या प्रत्येकाला पाठ असतं. निकाल किलोमीटर प्रति लिटर किंवा प्रति युनिट असा येतो. कुणी ‘आमचा वेग सर्वांत जास्त होता’ असं सांगितलं तर त्याला स्पर्धा कशाची आहे हेच माहीत नाही.

एक काळजी घ्या. मार्केटिंग, कॉस्ट रिपोर्ट किंवा स्पॉन्सरशिप सांभाळणाऱ्या मुला-मुलींना पाइपची जाडी येणार नाही आणि त्यात काही चूक नाही. त्यांना त्यांच्या कामाचं विचारा: कॉस्ट रिपोर्टमध्ये वेल्डिंगचा खर्च कसा धरला, कुठल्या भागाला जजनी हरकत घेतली. आणि बायोडेटात ‘सस्पेन्शन लीड’ लिहिलं असेल तर मात्र सवलत देऊ नका.

फोटो

फोटोवर फार वेळ घालवू नका. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतली तारीख आणि जागेची माहिती निघून गेलेली असते, म्हणून मूळ फाइल मेलवर डॉक्युमेंट म्हणून मागा. गूगल लेन्सवर टाकून तोच फोटो दुसऱ्या टीमच्या पानावर आहे का ते बघा. गाडीवरचा क्रमांक निकालाच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळतो का, आणि टीआयचा स्टिकर दिसतो का, एवढं पाहिलं की बास. कॉलेजच्या पार्किंगमधल्या गाडीचा फोटो कशाचाच पुरावा नाही.

स्पॉन्सरशिप मागायला टीम आली तर

वाळूजच्या लहान कारखानदारांकडे दर हंगामात पाच-दहा टीम येतात. कुणी रोख मागतं, कुणी लेझर कटिंग, कुणी पावडर कोटिंग. बहुतेक पोरं प्रामाणिक असतात, पण मागच्या वर्षीच्या ‘यशाची’ यादी फुगवलेली असते, आणि कधी कधी टीमच संपलेली असते आणि जुनं ब्रोशर फिरत असतं.

पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर देऊ नका. कॉलेजच्या खात्यात द्या आणि पावती घ्या. प्राचार्यांचं चालू वर्षाचं पत्र, स्पर्धेच्या नोंदणीची पावती आणि यंदाचा गाडी क्रमांक या तीन गोष्टी आल्याशिवाय चेक फाडू नका. मोठी रक्कम असेल तर दोन हप्ते करा: अर्धे नोंदणी दाखवल्यावर, अर्धे टीआय पार झाल्यावर. हे ऐकून जी टीम नाराज होते तिची गाडी बहुधा टीआयपर्यंत जाणार नसते. रोख रकमेपेक्षा काम द्यावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. पाइप वाकवून दिला, टिग वेल्डिंग करून दिलं, तर गाडी खरंच बनते आहे का हे तुमच्याच शेडमध्ये डोळ्यांना दिसतं.

किटवाल्याचं ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निवड’

हा प्रकार विद्यार्थ्यांच्या फुगवलेल्या ओळीपेक्षा जास्त महागात पडतो, कारण इथे गिऱ्हाईक रिक्षावाला, ट्रॅक्टरवाला किंवा पिकअपवाला असतो. पत्रकावर ‘पाण्यापासून हायड्रोजन, मायलेज दुप्पट’ आणि खाली एखाद्या परदेशी स्पर्धेचं नाव.

अशा पत्रकांत ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझसारखं मोठं नाव फार शोभून दिसतं, म्हणून तिचे तपशील माहीत असलेले बरे. एक कोटी डॉलर बक्षिसाची ही स्पर्धा अमेरिकेत झाली. गॅलनला 100 मैलांच्या बरोबरीची कार्यक्षमता, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला साधारण 42.5 किलोमीटर, ही अट होती. 111 टीमच्या 136 गाड्यांची नोंदणी झाली. निकाल सप्टेंबर 2010 मध्ये लागला आणि बक्षीस तीन गाड्यांना मिळालं. चार आसनी गटात एडिसन-2 या टीमच्या हलक्या गाडीने 102.5 मैलांचा आकडा गाठला. औपचारिक नोंदणीच्या आधी अनेकांनी फक्त इच्छापत्रं दिली होती, आणि इच्छापत्र देणं म्हणजे ‘निवड’ नव्हे. यातून दोन गोष्टी लगेच निघतात. ती स्पर्धा केव्हाच संपली आहे, तेव्हा आज तिच्यात कुणी ‘सहभागी आहे’ असू शकत नाही. आणि स्पर्धेत अख्खी गाडी उतरत होती, सुटं किट नव्हे.

स्पर्धेचं नाव बाजूला ठेवलं तरी आकडा तपासता येतो. असं किट 12 व्होल्टवर 20 अँपिअर ओढतं असं धरा, म्हणजे 240 वॅट. ही वीज अल्टरनेटर देतो. त्याची कार्यक्षमता 55 टक्क्यांच्या आसपास धरली तर इंजिनाला त्यासाठी सुमारे 435 वॅट जादा ताकद लावावी लागते. पाण्यातून निघालेल्या वायूत 240 पैकी फार तर 150 वॅट उतरतात आणि इंजिन त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे चाळीसेक वॅट, परत देतं. 435 दिले, 40 आले. मायलेज वाढलं असं वाटतं ते गिऱ्हाईक किट बसवल्यावर जपून गाडी चालवू लागतो म्हणून.

विक्रेत्याकडे स्पर्धेचं प्रमाणपत्र मागण्याऐवजी मान्यतेचं प्रमाणपत्र मागा. सीएनजी किट असो की जुन्या गाडीला वीज बसवणारं किट, त्याला पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. विजेच्या रेट्रोफिट किटसाठीचं मानक एआयएस-123 आहे. मान्यतेच्या कागदावर गाडीचं मॉडेल लिहिलेलं असतं, ते तुमच्या आरसीशी जुळलं पाहिजे. मान्यता नसलेलं किट बसवलं की आरटीओत नोंद होत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते.

दावा खोटा निघाला तर

आधी उमेदवाराला लेखी विचारा आणि दोन-तीन दिवस द्या. यादीतलं नाव चुकलेलं असू शकतं, टीमने शेवटच्या क्षणी नाव बदललेलं असू शकतं. उत्तर आलं नाही किंवा कागद बनावट निघाला तर नोकरी नाकारण्याचं कारण ‘दिलेली माहिती पडताळणीत जुळली नाही’ एवढंच लिहा. त्याचं प्रमाणपत्र असोसिएशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. बदनामीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली तुमच्यावरच उलटू शकते.

पैसे गेले असतील तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 नंतरच्या प्रकारात फसवणुकीला कलम 318, बनावट दस्त तयार करण्याला 336 आणि तो खरा म्हणून वापरण्याला 340 लागू होतं. त्याआधीच्या प्रकाराला जुन्या दंड संहितेची 420, 465, 471 ही कलमं. पोलिसांत जाताना आयोजकाचं मेलचं उत्तर, मूळ पीडीएफ फाइल आणि पैसे दिल्याची नोंद सोबत न्या. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर पहिला फोन 1930 ला, कारण खातं गोठवायला तासांचा हिशोब असतो. किटच्या खोट्या जाहिरातीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे.

टीमने स्वतःचा दावा कसा लिहावा

तपासणाऱ्याला पाच मिनिटांत जुळवता येईल अशी ओळ लिहायची. स्पर्धा, वर्ष, गट, टीम, गाडी क्रमांक, स्वतःचं काम आणि गाडी कुठपर्यंत गेली, या क्रमाने.

‘बाहा, पेट्रोल गट, अमुक वर्ष, गाडी क्र. अमुक. काम: मागचं सस्पेन्शन आणि हब. टीआय पार, चार तासांच्या एंड्युरन्समध्ये डीएनएफ, कारण मागचा ट्रेलिंग आर्म वेल्डजवळ तुटला.’ ही ओळ ‘एआयआर’वाल्या ओळीपेक्षा लांब आहे, पण ती वाचून कारखान्यातला माणूस खुर्ची पुढे ओढतो. गाडी टीआयमध्ये अडकली असेल तर तसंच लिहा आणि कुठल्या मुद्द्यावर अडकली तेही लिहा. फक्त व्हर्च्युअल फेरी झाली असेल तर ‘व्हर्च्युअल फेरी, डिझाइन सादरीकरण’ असं लिहा, नुसतं ‘पार्टिसिपंट’ नको.

सोबत एक फोल्डर ठेवा: नोंदणीची पावती, निकालाची पीडीएफ स्पर्धा संपल्याच्या आठवड्यातच उतरवून घेतलेली, गुणपत्रक, ऑन-ड्यूटी पत्र, आणि टीआयच्या स्टिकरसह गाडीचा एक मूळ फोटो. हा फोल्डर टीमच्या ड्राइव्हवर ठेवला तर कॅप्टन पास आउट झाला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे एक प्रत विभागाच्या संगणकावर आणि एक स्वतःकडे ठेवा.